सायकलवाले पाहुणे हवेत!

शनिवार उजाडला की आमच्या नागाव-चौल-रेवदंडा रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची गाडी बोटीत बसून थेट दारात येऊ लागली. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण दोन्हीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या, मधून चिंचोळा रस्ता. सायकलवरून क्लासला निघालेल्या मुलीने जायचं कुठून?

त्याच बोटीतून सायकली घेऊनही माणसं येतात, हल्ली बायकासुद्धा. ना धूर, ना हॉर्न. थांबतात, कोकम सरबत पितात, उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याची माळ हँडलला अडकवून नेतात. बचत गटाच्या बाईला असंच गिऱ्हाईक हवं! काचा लावून गेलेल्या गाडीला तिची पाटी दिसतसुद्धा नाही.

आपल्याच जिल्ह्यात माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. म्हणून पर्यटक जायचे राहिलेत का? मोठा रस्ता राहू दे, पण समुद्राकडे जाणारे वाड्यांतले रस्ते रविवारी सकाळी तीन तास तरी पाहुण्यांच्या चारचाकींना बंद ठेवावेत. येत्या ग्रामसभेत मी तसा ठराव मांडणार आहे. मैत्रिणींनो, तुमच्या गावातही विचारून बघा. आणि हो, माळ्यावरची जुनी सायकल आधी खाली काढा.