गप्प बसलेली घोरपड

परवा नातीला घेऊन एका प्राणिसंग्रहालयात गेले होते. कुठलं ते लिहीत नाही. उगाच तिथल्या एखाद्या गरीब कामगाराच्या डोक्यावर खापर नको.

वाघ झाला, माकडं झाली, मग सरपटणाऱ्या प्राण्यांकडे वळलो. आमच्या न्हाणीघराएवढी जागा, खाली सिमेंट, मागच्या भिंतीवर रंगवलेलं जंगल (त्यात हरणं आणि धबधबासुद्धा!), कोपऱ्यात पाण्याचं घमेलं आणि एक घोरपड. जाळीला नाक लावून पडलेली. नाकाडावरची कातडी घासून घासून लाल झाली होती. नात म्हणाली, "आजी, ही खोटी आहे का गं?" आणि बरोबर आलेले आमचे धाकटे दीर म्हणाले, "शांत आहे बिचारी. आयतं खायला मिळतंय, तिला आणखी काय हवं?"

भाऊजी, तुम्ही हे वाचणार ते मला माहीत आहे. वाचाच.

मी नोकरीला लागले तेव्हा ज्या वर्गातून आवाज येत नाही तो वर्ग चांगला, असा हिशेब होता. साहेब तपासणीला आले की हाताची घडी, तोंडावर बोट. मला त्यावर चांगले शेरेही मिळाले. त्या गप्प पोरांना काहीही कळत नव्हतं हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. तेव्हापासून "शांत आहे" म्हटलं की मला शंकाच येते.

घोरपड म्हणजे काय प्राणी आहे! दुभंगलेली जीभ बाहेर काढून ती वास घेत हिंडते. पालापाचोळा उकरते, भुंगे, गोगलगायी, खेकडे, अंडी, उंदीर, जे सापडेल ते खाते. पोहते, झाडावर चढते. ढोलीत, बिळात, वारुळात शिरून बसते. तानाजीच्या गोष्टीतली यशवंती इतिहासकारांना मान्य नाही, पण घोरपडीच्या पकडीवर लोकांचा केवढा विश्वास होता ते त्यातून कळतंच. अशा प्राण्याला चढायला काही नाही, खणायला काही नाही आणि लपायला तर मुळीच नाही.

खणण्याचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या घोरपडीच्या एका जातीची मादी अंडी घालायला तीन मीटरपर्यंत खोल, मळसूत्रासारखं वळत जाणारं बीळ करते. आणि आम्ही आमच्या घोरपडीला फरशी देतो! उन्हाळ्यात फरशी तापली की पळायला जागा नाही, थंडीत गारठली की ऊब नाही. तिच्या अंगात आपल्यासारखी शेगडी नसते. तिला चटका बसेल असा तापलेला दगडही हवा आणि चार पावलांवर गार, ओलसर सावलीही हवी. कधी कुठे बसायचं ते तिचं तिला ठरवू द्यावं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जोन प्रॉक्टर नावाच्या बाईंनी १९२७ साली सर्पगृह उभारलं. त्यात ठिकठिकाणी वेगवेगळी उष्णता राहील अशी विजेची सोय होती. शंभर वर्षं होत आली. त्याच बाईंनी कोमोडो ड्रॅगन, म्हणजे घोरपडीच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी, इतका माणसाळवला होता की तो त्यांच्या हातून खायचा.

"पण भाऊ, सरपटणाऱ्याला अक्कल कुठली?" हा पुढचा प्रश्न. २००८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्या घोरपडीच्या आठ पिल्लांना झडपा असलेल्या पारदर्शक नळीत खाणं ठेवून दिलं. आठही पिल्लांनी दहा मिनिटांच्या आत झडप उघडली, आणि दुसऱ्या खेपेला त्याहून लवकर! माझ्या वर्गातही इतका निकाल लागला नाही कधी. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात क्रॅकेन नावाची कोमोडो मादी होती. ती सांभाळणाऱ्यांच्या खिशातले रुमाल ओढून काढायची, खाण्याशी काही संबंध नसताना वस्तूंशी खेळायची. अशा डोक्याच्या प्राण्यापुढे रोज ठरल्या वेळी मांसाचे तुकडे टाकायचे म्हणजे तिला दिवसभर काम उरत नाही आणि अंगावर चरबी तेवढी चढते.

पैसे नाहीत, हे कारण मला पटत नाही. गुडघाभर माती, दोन पोकळ ओंडके, दगडांची रास, पालापाचोळा, बुडी मारता येईल एवढं टाकं. यातलं महाग काय आहे? खाणं पाल्याखाली, बांबूच्या नळीत, रोज नव्या जागी लपवून ठेवायचं. त्याला पैसा लागत नाही, डोकं लागतं.

खरी अडचण वेगळीच आहे. बिळात गेली तर तिकीट काढून आलेल्यांना ती दिसणार नाही! नाही दिसली तर नाही दिसली. "आत आहे, थांबा, ऊन आलं की येईल" अशी पाटी लावा. नातीला मी अर्धा तास थांबायला सांगितलं असतं आणि ती थांबलीही असती.

कुणी म्हणेल, मग सोडून द्या ना रानात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे घोरपड पकडणं, घरी पाळणं गुन्हाच आहे. पण जायबंदी होऊन शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेली प्रत्येक घोरपड परत सोडण्यासारखी राहत नाही. (हत्था जोडी म्हणून जी "मुळी" देव्हाऱ्यात ठेवतात ती घोरपडीच्या नराचं वाळवलेलं अवयव असते. आपल्या नात्यातही एका घरी आहे, नाव घेत नाही.) अशी घोरपड आपण ठेवून घेतली, तर ती कशी जगते याची जबाबदारी आपलीच ना?

असो. तिथल्या अधिकाऱ्यांना दोन पानी पत्र लिहिलं आहे, नातीने वर आतल्या मांडणीचं चित्र काढून दिलं आहे. भाऊजी, तुमच्या शेतावरची ट्रॉलीभर माती मी त्यात परस्पर कबूल करून टाकली आहे. उत्तर आलं की कळवते.