शाळेच्या भिंतीचा ओलावा कोण मोजणार?



कापूस निगमच्या केंद्रावर गाडी लागली की आधी ओलावा मोजतात. ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, १२ च्या वर गेला की माल परत. आमचा कापूस तपासायला सरकारकडे यंत्र आहे, माणूस आहे. आमची पोरे ज्या भिंतीला टेकून बसतात, तिचा ओलावा मात्र कोणी मोजत नाही.

मालवणच्या किनाऱ्याकडे पाहा. आपल्याकडे ७००-८०० मिलिमीटर पाऊस झाला तर आपण साल बरे म्हणतो. तिथे ३००० च्या आसपास पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत, नेमका शाळा भरलेली असताना. वरून खारा वारा. वाशाला वाळवी लागते, स्लॅबमधली सळई आतून गंजते. बाहेर कळते तेव्हा पोपडे पोरांच्या डोक्यावर पडू लागलेले असतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरची कौले-पत्रे उडवली, तेव्हा कोरोनामुळे वर्गात मूल नव्हते. याला सुरक्षा म्हणत नाहीत, नशीब म्हणतात. नगर जिल्ह्यातल्या निंबोडीला ते नशीब लाभले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भर पावसात शाळेचे छत कोसळले आणि ३ मुले गेली.

कायदा नाही असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पक्की इमारत, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, कुंपण यांसाठी ३ वर्षे दिली. ती मुदत २०१३ च्या मार्चला संपली. आता दरवर्षी यू-डायसचा तक्ता भरतात. भरतो कोण? शाळाच. शौचालय आहे? आहे. चालू? चालू. खरे लिहिले तर आधी खुलासा द्यावा लागेल, या धाकात मुख्याध्यापक दुसरे काय लिहिणार? विकणाऱ्यानेच आपल्या कापसाची प्रत ठरवावी, हे निगम चालू देईल का?

नुसत्या कागदानेही भागत नाही. मालवणच्याच राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. बोल्ट गंजल्याचे पत्र बांधकाम खात्याने आधीच लिहिले होते. महाराजांची ही गत, तर चौथीच्या पोराची काय कथा!

आणि तक्ता सगळ्यांना एकच. कोकणात छप्पर गळते. आमची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, म्हणून आमच्या भिंतींना भेगा पडतात. एप्रिलमध्ये पत्र्याखालचा वर्ग भट्टी होतो. हे मुंबईच्या टेबलावर कळायचे नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, असा कायदाच आहे. आमचे म्हणणे, तपासणी त्यांनी करावी. एकदा भर पावसात, एकदा भर उन्हात. दुरुस्तीचा पैसा जिल्ह्याला नको, गावाच्या हाती द्या. आणि ज्या खोलीच्या तुळईचा भरवसा नाही, तिला आजच कुलूप लावा. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहू नका. पुढच्या बैठकीला येताना आपल्या शाळेची अशी यादी, समितीच्या सह्यांनिशी, सोबत आणावी.