आश्रयदाता गेल्यावर

झाशीतील आमच्या शेजारचा तरुण हल्ली उदास असतो. त्याचा आवडता रॉक वाद्यवृंद मोडतो की टिकतो, याची त्याला चिंता. "काका, नवा गवई आला तरी ते तेच राहतील का?" या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते, मात्र याच शहरातील एका जुन्या नाटकमंडळीची आठवण झाली.

राजे गंगाधरराव नेवाळकर यांस नाटकाचे विलक्षण वेड. नटमंडळी पदरी बाळगून ते स्वतःही रंगभूमीवर उतरत. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी ते निवर्तले आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. राणीसाहेबांस मासिक ५,००० रुपये तनखा ठरला. पण नटांचे काय? त्यांचे खेळ डोळ्यांत साठवलेल्या रसिकांनी कोणाच्या दारी जाऊन विचारावे? चार वर्षांनी तर शहरच लुटले गेले.

सांगलीस असाच प्रसंग आला होता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांकडून 'सीतास्वयंवर' करविणारे चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये वारले. भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडले आणि १८५३ साली, म्हणजे गंगाधरराव गेले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजाच्या जागी प्रेक्षक आला, तोही पदरचे पैसे मोजून!

हे ऐकून आमचा तरुण किंचित हसला. पुढच्या कार्यक्रमाचे तिकीट त्याने केव्हाच काढले आहे. मंडळी येणार की नाही, हे अद्याप कोणी सांगत नाही.