दिवाळीची सफाई आणि रोजचा केर

आश्विन महिना लागला की आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत माळ्यावरील सामान खाली उतरविण्याचा जो सोहळा सुरू होतो, त्यात पितळी पातेली, झाकण हरवलेले डबे, 'दुरुस्त करून घेऊ' म्हणून जपून ठेवलेला बंद मिक्सर अशा वस्तूंची दरवर्षी नव्याने ओळख पटते; आणि त्यांतील बहुतेक पुसूनपासून पुन्हा त्याच माळ्यावर सन्मानपूर्वक रवाना होतात. या मोहिमेतील श्रमांविषयी माझी तक्रार नाही. उरलेल्या अकरा महिन्यांना ती जी सवलत बहाल करते, तिच्याविषयी आहे. 'दिवाळीला काढू' एवढे म्हटले की वर्षभराची कामे बिनदिक्कत तहकूब होतात.

वस्तुतः घरकाम जितके साठल्याने वाढते, त्याहून अधिक ते विलंबाने अवघड होते. शेगडीभोवती उडालेले फोडणीचे तेल तेव्हाच ओल्या फडक्याने निघते. परंतु तेच तसेच राहू दिले तर उष्णता आणि हवा यांच्या संयोगाने त्याचा असा चिवट, पिवळसर थर बनतो की घासणी झिजते, थर झिजत नाही. कुंडीखालच्या ताटलीतील पाण्याची मुदत तर याहूनही कडक. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाला अंड्यातून पूर्णावस्थेस पोहोचण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणूनच आरोग्य खाते आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्यास सांगते. शिवाय ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटून पाण्यावाचून महिनोन् महिने तग धरीत असल्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावेही लागते. पाणी मिळाल्यावर मात्र दिवाळीपर्यंत थांबण्याइतका हा जीव सोशिक नाही.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल आहेत. ज्या दिवसाचा जमाखर्च त्या दिवशी नोंदावा, हा त्यामागचा दंडक. घरालाही याहून मोठी शिस्त लागत नाही: रात्री ओटा कोरडा व्हावा, आणि वाळलेल्या कपड्यांनी खुर्चीवर मुक्काम न करता दोरीवरून थेट कपाट गाठावे.

मात्र हा दंडक कोणासाठी, हा प्रश्न टाळून उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे होईल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यापायी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, घरकाम करणारे पुरुष ९७. आणि असे पुरुष, सहा वर्षांवरील मुलगे धरूनही, शंभरांत जेमतेम सव्वीस. तेव्हा नियमितपणाचे धडे गृहिणीस देणे म्हणजे जी रोज राबते तिलाच पुन्हा ताकीद देणे होय. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहिले जात असता जो यजमान भक्तिभावाने हात जोडतो, त्याने पाडव्याच्या सकाळी तीच हाती घेऊन अंगण झाडण्यास कोणत्याही शास्त्राची हरकत असल्याचे निदान माझ्या वाचनात नाही.