सात रस्त्यावरची सावली

आमच्या सोलापुरात लष्कर नावाचा भाग आहे, पण तिथं सैनिक नाहीत. रेल्वे लाईन्स भागात दवाखानेच दवाखाने. "रेल्वे लाईन्सला निघालोय" म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "कोण आजारी हाय बे?" याच टापूत सात रस्ता चौक.

1860 मध्ये रेल्वे आली, तेव्हा गाव किल्ल्याच्या आणि सिद्धेश्वर तळ्याच्या आसऱ्यानं वसलेलं होतं. स्टेशन पडलं गावाबाहेर. या बाजूला छावणी, साहेबांचे बंगले, ऐसपैस आवारं, कडुलिंबाची झाडं. जुनी मिल आणि नरसिंग गिरजी या कापडगिरण्यांनी माणसं ओढून आणली, ती मात्र चाळींत दाटीवाटीनं राहिली. पूर्व भागात एकाच खोलीत संसार आणि माग. म्हणून कुणी ‘जुना सात रस्ता काय होता म्हणून सांगू’ असा गळा काढला, की मला पटत नाही. कडुलिंबांची ती सावली सगळ्यांची नव्हतीच.

ती सगळ्यांची झाली स्वातंत्र्यानंतर. 1953 साली संगमेश्वर कॉलेज सुरू झालं आणि गिरणी कामगारांची, विणकरांची पोरं सायकली हाणत इकडं येऊ लागली. महापालिका परिवहनचा बस डेपो आला. पूर्वी बंगल्यांच्या ज्या फाटकांपुढं उभं राहायचीही चोरी, त्यांच्यासमोर चहा पीत, मराठी-कानडी-तेलुगू-दखनीची सरमिसळ करत गप्पा रंगल्या. माझ्या लेखी या चौकाचा खरा वैभवकाळ तोच.

आता बंगल्यांच्या जागी इमारती उठल्या. त्याचं मला फारसं दुःख नाही; शहर वाढणारच. दुःख पदपथाचं आहे. कुठं तो दुचाकींनी गिळलाय, कुठं गाड्यांनी. पंचेचाळीस अंशांपर्यंत जाणाऱ्या आमच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसानं हा चौक पायी ओलांडून दाखवावा! रस्ते सात, चालायला एकही धड नाही.

त्यात या चौकावरून जाणाऱ्या जुना पुणे नाका ते पत्रकार भवन उड्डाणपुलाची चर्चा वर्षानुवर्षं सुरूच आहे. पूल हवाच, विरोध नाही. पण त्यापायी कोणती झाडं जाणार आणि पुलाखाली पायी चालणाऱ्याला किती जागा उरणार, हे महापालिकेनं काम सुरू होण्याआधी चौकातच मोठ्या फलकावर लिहावं. वाचकहो, तुमच्या नगरसेवकाला एवढं जरूर विचारा.