एचआयव्ही आहे, म्हणून थांबायचं कशाला?

१ डिसेंबरला कॉलेजात रेड रिबन क्लबची रॅली निघते. आपण पोस्टर्स रंगवतो, सेल्फी काढतो. पण त्यातल्या एका तरी पोस्टरवर ‘हेपटायटिस सी’ वाचल्याचं आठवतंय?

हा विषाणूही रक्तातून पसरतो. नशेची एकच सुई दोघांनी वापरली, की दोन्ही आजार गाठू शकतात. मणिपूरमधल्या कित्येक तरुणांच्या वाट्याला हे आलं. सोबत एचआयव्ही असला, की लिव्हर लवकर खराब होतं. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं जवळपास वर्षभर घ्यावी लागायची, तरी अनेक जण बरे व्हायचे नाहीत. आता बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या पुरतात आणि १०० पैकी ९० हून जास्त जण बरे होतात, एचआयव्ही असला तरी! फक्त एचआयव्हीची कोणती औषधं चालू आहेत ते डॉक्टरांना सांगायचं, कारण काही औषधं एकमेकांशी जुळत नाहीत.

२०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकार हे उपचार मोफत देतं. म्हणजे औषध आहे, पैशांचीही अडचण नाही. मग अडतं कुठे? ‘त्याला आधीच एचआयव्ही आहे, आता आणखी काय करायचं’ या आपल्या विचारापाशी. तो आधी बदलूया. आणि यंदा पोस्टरवर एक ओळ वाढवा: हेपटायटिस सी बरा होतो, तपासणी करून घ्या.