फिरत्या घरातील थंडावा

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. वातानुकूलित फिरत्या घरातून आलेल्या रुग्णास आम्ही वैद्य शीतोष्णव्यत्यास टाळण्याचा उपदेश करतो. आम्हांस आता तेवढे पुरेसे वाटत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे अशाच वाहनात दोघे मृतावस्थेत आढळले. जनित्रातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्या वायूस ना रंग, ना गंध. शिरःशूल, भ्रम, हृल्लास पाहून पित्तप्रकोप म्हणणे सोपे. बोटावरील ऑक्सिमीटरही फसवा आकडा दाखवतो. सहप्रवाशांनाही एकाच वेळी तोच त्रास असल्यास रुग्णास मोकळ्या हवेत आणून तत्काळ प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात धाडावे. वातानुकूलकाची गाळणी धुवा, हे सांगावेच. पण जनित्र चालू ठेवून निजू नका, हे आधी सांगावे. निदानपरिवर्जन ही आपल्याच शास्त्राची शिकवण आहे.